सर्जेराव, ओ द्या

"समजा, मामा पडले," मी म्हणाले. "घरात तुम्ही एकट्या. आता काय करायचं?"

"मी कशाला पडतोय?" मामा बाजेवरून म्हणाले. "मी काय बारकं पोर हाय?"

"मामा, तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही बेशुद्ध आहात."

मामा लगेच आडवे झाले आणि त्यांनी जीभ बाहेर काढली. आत्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गळ्यात त्यांनीच कधीकाळी विणलेली पिशवी आणि त्या पिशवीत नवा फोन. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, ओठ हलवले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "चांगुणाला फोन लाव!"

फोन गप्प.

"परत. मामा पडलेत, आत्या! जोरात!"

"मामा पडले! चांगुणाला फोन लाव!" आत्या ओरडल्या. मीही ओरडले. फोन ढिम्म. भिंतीपलीकडून शेजारच्या चांगुणाकाकींचा आवाज मात्र आला, "ऐकलं गं बायांनो! शिकला न्हाई का मेला अजून?"

आमच्या सासरी सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. फलटणजवळच्या त्या गावात दोघंच राहायचे. आत्यांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. मामा सत्तरी उलटलेले, एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेले, अंगानं दणकट आणि स्वभावानं उनाड. त्यांना काही झालं तर आत्यांनी कुणाला कसं बोलवायचं, या काळजीनं अभिजितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो फोन आणला. हात न लावता, नुसतं बोलून चालणारा. फोनच्या आत एक बोलणारा मदतनीस होता आणि त्याला आपल्या मनासारखं नाव द्यायची सोय होती. ते नाव घेऊन हाक मारली की तो म्हणायचा, "बोला, मी ऐकतोय." मग सांगाल ते काम करायचा.

नाव काय ठेवायचं, असं अभिजितनं विचारलं तेव्हा मामा क्षणाचाही विचार न करता म्हणाले होते, "सर्जेराव."

ते त्यांचं स्वतःचं नाव. मला वाटलं, म्हातारा हौशी आहे.

अभिजित पुण्याला परत गेला आणि मी आत्यांना शिकवायला मागं राहिले. मी एका फोन कंपनीच्या ग्राहक सेवेत काम करते. दिवसभर अनोळखी माणसांना "फोन बंद करून परत चालू करा" असं गोड आवाजात सांगायचा मला पगार मिळतो. त्यामुळे हा फोन आत्यांचं ऐकत नाही म्हटल्यावर मला तो माझाच अपमान वाटला. मी त्याच्या माईकचं भोक टाचणीनं साफ केलं. तो बंद केला, चालू केला. भाषा बदलली, परत मराठी केली. पिशवीची वीण फार घट्ट आहे म्हणून ती उसवायला निघाले, तेव्हा आत्यांनी माझा हात धरला. मी हाक मारली की फोन ऐके. मामांनी मारली की ऐके. दूधवाला दारात येऊन "सर्जेराव आहेत का" म्हणाला, तरी आत्यांच्या गळ्यातून उत्तर येई, "बोला, मी ऐकतोय." दूधवाला दोन पावलं मागं सरकला होता.

एकट्या आत्यांचं तेवढं तो ऐकत नव्हता.

शेवटी मी त्यांच्या अगदी समोर बसले आणि तोंडाकडं पाहत राहिले. तेव्हा दिसलं. पहिल्या शब्दाला ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. आवाज सुरू व्हायचा तो 'चांगुणाला' पासून.

"आत्या! तुम्ही नाव घेतच नाही!"

आत्यांनी पदर सारखा केला.

"अहो, हे फोनचं नाव आहे. यंत्राचं."

"यंत्राचं कसं? नाव त्यांचंच हाय की."

बाजेवर मामा पोट धरून हसत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "मामा, तुम्ही मुद्दाम केलंत हे!"

"मग? चाळीस-पंचेचाळीस वर्सं झाली, हिनं एकदा नाव घेतलं न्हाई. आवं, अहो, ऐकलं का, घरात हाईसा का. माझं नाव काय, हे तरी हिला म्हाईत हाय का, कुणाला ठाव!"

"लग्नात घेतलं हुतं की," आत्या म्हणाल्या. "उखाण्यात."

"तवा बँड वाजत हुता. मला काय बी ऐकू आलं न्हाई."

मला हसू येत होतं आणि संतापही. मी नवऱ्याला नावानं हाक मारते हे आत्यांना पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण त्या कधी बोलल्या नव्हत्या. मीही ठरवलं होतं की त्यांच्या रीतीत नाक खुपसायचं नाही. पण हा जिवाशी खेळ होता. मी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "नाव बदलून टाकते. मदतनीस म्हणू याला. विषय संपला."

मामांचं हसू एकदम थांबलं. "बदलू नगंस," ते म्हणाले. मग भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणाले, "एवढं एकच मागत हुतो."

मग आत्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, वृषाली. घेते मी. पण तुमच्यासमोर न्हाई. तुम्ही दोघं जरा भैर जावा."

त्यात माझंही एक काम होणार होतं. येणारा-जाणारा मामांना हाक मारी आणि फोन जागा होई, म्हणून मला तो फक्त आत्यांच्याच आवाजाला बांधायचा होता. त्यासाठी मालकानं ते नाव तीनदा म्हणायचं असतं. मी सगळी तयारी करून फोन त्यांच्या हातात दिला आणि मामांना घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. परत आलो तर आत्या जागच्या जागी बसलेल्या, मान खाली. "झालं," म्हणाल्या. मी तपासलं. आवाज नोंदला गेला होता. मी हाक मारली, फोन गप्प. मामांनी मारली, गप्प.

"आता तुम्ही म्हणून दाखवा."

"तुझ्यासमोर न्हाई. यांच्यासमोर तर न्हाईच न्हाई. गरज पडली की घेईन."

मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला निघणार होते.

त्याच दुपारी मामांच्या मनात आलं की सुनेबरोबर पोराला शेवग्याच्या शेंगा पाठवायच्या. परसात शेवग्याचं झाड होतं आणि झाडाखाली जुना आड. नळ आल्यावर तो शहाबादी फरश्या टाकून बंद केला होता. त्या फरश्यांवर मामा अनेक वर्षं उभे राहून शेंगा काढत. मी पिशवी धरून उभी होते. मामांनी आकडीची काठी वर केली, टाचा उचलल्या आणि एक शेंग ओढली.

फरशीचा आवाज मोठा नव्हता, कपाट लावल्यासारखा. मामा माझ्यासमोरून खाली गेले.

पुरते गेले नाहीत. त्यांच्या बगला काठाच्या दगडाला अडकल्या. मी पिशवी टाकून पालथी पडले आणि त्यांचा एक दंड आणि सदऱ्याची कॉलर मुठीत धरली. फरशीचा तुकडा त्यांच्या कपाळावर बसला होता, रक्त भुवईवरून डोळ्यात येत होतं. खाली मातीची ढेकळं पडत होती आणि पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं येत होता.

"मामा, कोपर काढू नका! कोपर तसाच ठेवा!"

"न्हाई काढत," मामा म्हणाले. त्यांचा डावा कोपर दगडाच्या खाचेत रुतला होता. खरं वजन त्या कोपरावर होतं. मी धरलंय हे नावालाच. तो कोपर सुटला असता तर मला त्यांना पेलता आलं नसतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मागच्या दारात आत्या येऊन उभ्या राहिल्या. "काय पडलं गं?"

"आत्या, तिथंच थांबा! एक पाऊल पुढं टाकू नका! मामा पडलेत. आडात पडलेत!"

आत्या चौकट धरून उभ्या होत्या. त्यांनी मान जरा वाकडी केली. "समजा का खरं?"

"खरं! खरं, आत्या!"

मी गळा काढून ओरडले, "चांगुणाकाकी! धावा! मामा पडले!"

भिंतीपलीकडं बादलीचा आवाज झाला. "ऐकलं गं बाई, ऐकलं!" काकी म्हणाल्या. "आज तरी बोलला का त्यो?"

"काकी, खरंच पडलेत! मदत करा!"

"व्हय व्हय. शाब्बास! चालू द्या तुमचं." आणि त्या म्हशीशी काहीतरी बोलत गोठ्यात गेल्या. त्यांचा तरी काय दोष! पहिल्या दिवशी आमची आरडाओरड ऐकून बिचाऱ्या पिठाच्या हातानं धावत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. मग हात जोडून म्हणाल्या, आता कुणी मेलं तरी मी म्हस सोडून यायची न्हाई. आठवडाभर त्या घरात रोज मामा पडत होते. गल्लीतल्या पोरांनाही ते पाठ झालं होतं.

माझा फोन आत, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. उठायची सोय नव्हती.

"आत्या, फोन! गळ्यातला फोन काढा!"

त्यांनी तो पिशवीसकट तोंडाशी धरला. मी जमिनीवरूनच ओरडले, "सर्जेराव! चांगुणाकाकींना फोन लाव!" फोन बोलला नाही. बोलणार कसा? मीच तर त्याला दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस म्हणून बजावलं होतं.

"आत्या, तुम्ही म्हणा! तो तुमचंच ऐकेल!"

"आवं..." आत्या फोनला म्हणाल्या.

"आवं नाही! नाव घ्या! आता तरी घ्या!"

"वृषाली, त्यो माझं ऐकायचा न्हाई गं."

"ऐकेल! तुम्ही नाव तर घ्या!"

"न्हाई ऐकायचा. मी सांगते न्हवं का, त्यो माझं..."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. नवरा खाली लटकतोय आणि ही बाई रीत सांभाळतेय, असंच तेव्हा मनात आलं. मी म्हणाले, "आत्या, मामांचं रक्त चाललंय. माझे हात सुटतायत. ते डोळे मिटायला लागलेत."

खरंच मिटत होते. मघापर्यंत मामा बोलत होते. मला म्हणाले होते, तू मागं सर, तुला बी ओढीन. मग म्हणाले, शेंगा घेतल्यास का. मग काहीच नाही. त्यांची मान पुढं झुकली आणि कपाळ दगडाला टेकलं. मी त्यांच्या कानाशी ओरडत होते, "मामा! मामा, झोपू नका! ऐकताय ना?" ओ नाही. मुठीतला सदरा टरकत होता. आणि त्यांचा कोपर त्या खाचेतून अगदी सावकाश, बोटभर पुढं घसरला.

"आत्या, मामा बोलत नाहीत," मी म्हणाले. त्यानंतर मला ओरडताही येईना.

आत्यांनी हातातला फोन सोडला. तो पिशवीच्या दोरीला लागून छातीशी झुलत राहिला. त्यांनी दाराची चौकटही सोडली. माझा आवाज जिथून येत होता तिकडं, आडाकडं, त्यांनी तोंड केलं.

"सर्जेराव!"

मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. आत्या हळू बोलणाऱ्या. पण हा पोटातून आला होता आणि परसभर घुमला.

फोन बोलला नाही.

"सर्जेराव! ओ द्या! ओ सर्जेराव! मी हाक मारतीया, ओ द्या मला!"

माझ्या हाताखाली मामांचा खांदा हलला.

"ओ," मामा म्हणाले.

त्यांनी मान वर केली. एक डोळा रक्तानं चिकटलेला, दुसरा उघडा. "कोण हाय?"

"मी हाय," आत्या म्हणाल्या. "धरून ऱ्हावा. सोडू नगासा."

"परत म्हण."

"सर्जेराव."

"ओ."

"सर्जेराव!"

"ओ. हाय मी. हाय."

त्यांचा कोपर परत खाचेत घट्ट बसला. मला तो बसलेला कळला. आत्या हाक मारत राहिल्या आणि मामा ओ देत राहिले, आणि मी त्या दोघांच्या मध्ये पालथी पडून रडत होते.

भिंतीपलीकडं आधी बादली आपटली. मग चांगुणाकाकींचं डोकं भिंतीवर दिसलं आणि मग त्या अख्ख्याच अलीकडं आल्या, लुगडं खोचून, म्हशीचं दावं हातात घेऊन. ती भिंत चढून त्या कशा आल्या, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. मागून गल्लीतली माणसं दारानं शिरत होती.

"आगं बया! सर्जेराव! सर्जेराव दादा, कुटं हाईसा?" काकी ओरडल्या.

आणि आत्यांच्या छातीवरून तो शांत, शहाणा आवाज आला, "बोला, मी ऐकतोय."

त्या गडबडीतही मी आत्यांकडं बघितलं.

दावं मामांच्या काखेतून घातलं, चारपाच जणांनी ओढलं आणि मामा वर आले. पायातली एक चप्पल आडाला देऊन आले, बाकी सगळे. कपाळाला टाके पडले, खांदा निखळला होता तो डॉक्टरांनी बसवला. संध्याकाळी ते परत बाजेवर होते आणि सोप्यात अर्धी गल्ली चहा पीत बसली होती.

"तुम्हाला कळलं कसं, काकी?" मी विचारलं. "मी एवढी ओरडले तेव्हा आला नाहीत."

"तुझं काय, तू रोजच वरडतीस," काकी म्हणाल्या. "पर वहिनींनी दादांचं नाव घेतलं. वहिनींनी! माझ्या हातातली बादलीच पडली. म्हणलं, काय तरी इपरीत झाल्याबिगर ही बाई नाव घ्यायची न्हाई."

"आणि फोन तुमचं ऐकतो, ते कसं?"

काकींनी आत्यांकडं पाहिलं. आत्या पदराशी चाळा करत होत्या.

"वहिनी म्हणल्या, माझ्या तोंडानं यायचं न्हाई, तूच म्हण माझ्यासाठी. मला काय, भाऊच लागत्यात माझं. म्या म्हणलं तीनदा."

म्हणजे आत्या खरंच सांगत होत्या. तो त्यांचं ऐकणार नव्हता, आणि हे त्यांना ठाऊक होतं. फोनला जागं करायला त्यांनी ते नाव घेतलंच नव्हतं.

बाजेवरून मामा म्हणाले, "आगं ए. परत एकदा म्हण की. मघाशी कानात माती हुती."

"आडात पडा परत, मग म्हणते," आत्या म्हणाल्या, आणि सगळी गल्ली हसली. पण मी शेजारी बसले होते. आत्यांचा हात बाजेवर मामांच्या हाताखाली होता आणि बोटं मामांच्या बोटांत घट्ट अडकवलेली होती.

माझी सकाळची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी आत्या आपण होऊन म्हणाल्या, "आण त्यो फोन." मामांना अंगणात पाठवलं, मला मात्र बसू दिलं. त्यांनी नाव घेतलं, आणि ते पुरं होईतो अंगणातून मामा ओरडले, "ओ!" दोन्ही आवाज एकात मिसळले. फोनला काही उमगलं नाही. परत घेतलं, परत बाहेरून "ओ". मामांना देवळात पाठवावं लागलं तेव्हा कुठं ते काम झालं.

त्यानंतर फोननं कधी त्रास दिला नाही. सुट्टीत आम्ही गेलो की मी ऐकायची. आत्या खुर्चीतून म्हणायच्या, "सर्जेराव," आणि फोनच्या आधी बाजेवरून मामा म्हणायचे, "ओ." रोज, दिवसातून कितीतरी वेळा. आत्या लटक्या रागानं म्हणायच्या, "तुम्हाला न्हाई, फोनला म्हणतीया." मामा म्हणायचे, "मला काय ठाव? मला नाव ऐकू आलं, मी ओ दिली."

मामा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेले. तेरावा झाल्यावर अभिजित आईला म्हणाला, "आई, फोनमधलं नाव बदलून देऊ का?" मी त्याला नजरेनं गप्प केलं. आत्यांनी पिशवीवर हात ठेवला.

परवा मी गावी गेले होते. मी आलेय हे त्यांना कळलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, बाजेकडं तोंड करून.

"सर्जेराव," त्यांनी हाक मारली.

"बोला, मी ऐकतोय," फोन लगेच म्हणाला.

"तू थांब जरा," आत्या म्हणाल्या.